ॲटलास चीता

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट असताना, आंतरराष्ट्रीय शस्त्रबंदीच्या काळात, फ्रेंच मिराज-३ विमानांची पुनर्बांधणी करून तयार केलेले एकइंजिनी स्वनातीत लढाऊ विमान. केम्प्टन पार्क येथील ॲटलास एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनने ते बांधले. जुलै १९८६ मध्ये ते प्रथम जाहीर झाले आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलातून निवृत्त झाले.

पार्श्वभूमी : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे न विकण्याचे आवाहन केले, ते बंधनकारक नव्हते. ब्रिटनने बकेनियर विमानांची पहिली मागणी पुरवून पुढची नाकारली. फ्रान्सने मात्र मिराज-३ व नंतर मिराज एफ-१ विकण्यात खंड पडू दिला नाही. ॲटलासची स्थापना याच दशकाच्या मध्यास झाली. इटालियन एमबी-३२६ हे प्रशिक्षण विमान ‘इंपाला’ या नावाने परवान्याखाली बांधण्यापासून कंपनीने सुरुवात केली. पत्रा कापणे, साचे, जोडणी, दुरुस्ती यांचा कसब असलेला कामगारवर्ग प्रामुख्याने या इंपालावर तयार झाला, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

४ नोव्हेंबर १९७७ रोजी ठराव क्र. ४१८ संमत होऊन शस्त्रबंदी सक्तीची झाली. या ठरावात सुट्या भागांचाही अंतर्भाव होता आणि उत्पादन-परवाने संपुष्टात आणण्याच्या दृष्टीने त्यांचा फेरविचार करावा, असेही सदस्य राष्ट्रांना सांगण्यात आले होते. त्यामुळे मिराज एफ-१ देशात बांधण्याची योजना बारगळली. अँगोलात दक्षिण आफ्रिका तेथील सरकार व त्याच्या साहाय्यास आलेले क्यूबन सैन्य यांच्याशी लढत होती. या युद्धात पुढे सोव्हिएत बनावटीची मिग-२३ विमाने समोर आली. सप्टेंबर १९८७ मध्ये क्यूबन मिग-२३ च्या क्षेपणास्त्राने एका मिराज एफ-१ सीझेडचे मोठे नुकसान केले. नवे विमान विकत मिळत नव्हते, म्हणून हाताशी असलेलेच सुधारावे, असे धोरण आर्मस्कोर या सरकारी शस्त्रास्त्र महामंडळाने १९८० च्या दशकाच्या आरंभापासून अवलंबल्याचे दिसते.

रचना : मिराज-३ चा त्रिकोणी पंख वेगाला उत्तम, पण तीव्र वळण घेताना त्याला होणारा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो व विमानाची गती गळते. उड्डाण आणि अवतरणासाठीही लांब धावपट्टी लागते. चीतामध्ये हवाग्रहण मुखांच्या बाजूंना स्थिर, लहान पुढचे पंख (कॅनार्ड) बसवले, मुख्य पंखाच्या अग्रधारेला बाहेरच्या भागात दातासारखी खाच दिली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या लावल्या. यांमुळे मोठ्या आपात-कोनातही (पंख व समोरून येणारी हवा यांतील कोन) विमान ताब्यात राहू लागले. हवेत इंधन घेण्याची नळी, नवी विद्युत-यंत्रणा, रडार व देशी बनावटीची हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे ही पुढची भर. सांगाड्याचा मोठा भाग, काही मतांनुसार निम्म्यापर्यंत, नवा घातला जाई. अशा विमानाला ‘सुधारित’ म्हणावे की ‘नवे’, यावर मतैक्य नाही.

मूळ सांगाड्यांचा वाद : चीता हे सर्वस्वी देशी काम आहे, अशी भूमिका त्या काळी अधिकृतपणे घेतली गेली. मात्र कॅनार्ड, खाच व नाकावरील पट्ट्या ही तिन्ही अंगे इस्रायलच्या क्फिर विमानाशी इतकी जुळतात की इस्रायली साहाय्य आज जवळपास सर्वच अभ्यासक मान्य करतात. खरा वाद सांगाड्यांच्या उगमाचा आहे. दक्षिण आफ्रिकेने सर्व उपप्रकार मिळून ५८ मिराज-३ घेतली होती व त्यांतली काही अपघातांत गेली. चीता मात्र डी (द्विआसनी) १६, ई (एकासनी) १६, सी (नंतरचा एकासनी) ३८ आणि आर (टेहळणी) हा एकच नमुना, अशी ७१ होतात. शिवाय मिराज-३ च्या सीझेड या उपप्रकाराचे धड ई प्रकाराहून सु. ३० सेंमी. आखूड असल्याने ते रूपांतराला सोयीचे नव्हते. निदान एक सीझेड आजही प्रिटोरियाजवळ स्वार्टकोप येथील हवाई दल संग्रहालयात मूळ रूपात आहे. तेव्हा चीता-सीचे सांगाडे बाहेरून आले असले पाहिजेत.

ते क्फिरचे होते, असे एक मत. पण क्फिरमध्ये अमेरिकन जे-७९ इंजिन असते. त्यासाठी धडाचा मागचा भाग आखूड व रुंद करावा लागला आणि उभ्या शेपटाच्या बुडाशी थंड हवा घेणारे मुख काढावे लागले. चीताच्या कोणत्याही प्रकारात हे मुख नाही, कारण त्याने फ्रेंच अतार इंजिन कायम ठेवले. म्हणून क्फिरची आधीची पायरी असलेले नेशेर, म्हणजे अतार इंजिनावरचे इस्रायली मिराज, हाच उगम अधिक संभवनीय वाटतो. येथेही आकडे पुरते जुळत नाहीत : नेशेर एकूण ६१ बांधली गेली, त्यांपैकी ३९ अर्जेंटिनाला विकली गेली आणि काही लढाईत पडली. उरलेल्या विमानांतून ३८ चीता-सी उभी राहत नाहीत. काही धडे नव्याने बांधली गेली असावीत, असा तर्क त्यामुळे करावा लागतो. इस्रायलने मार्च १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी नवे लष्करी करार न करण्याचे जाहीर केले, पण जुने करार मोडले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलची लावी विमान योजना रद्द झाली व तिच्यावरील काही अभियंते दक्षिण आफ्रिकेत गेले, असे अनेक लेखक नोंदवतात.

इंजिन : शस्त्रबंदीचा खरा काच येथे जाणवतो. चीता-ईला मिराज-३ चेच अतार ९सी इंजिन होते. सी व पुढे डी प्रकारांत मिराज एफ-१ च्या घराण्यातले अतार ९के५० बसवले गेले, ज्याचा आफ्टरबर्नरसह (निष्कास वायूत जादा इंधन जाळणारी योजना) रेटा सु. ७ टन. सांगाड्याची पुनर्बांधणी, क्षेपणास्त्रे, वैमानिकाच्या शिरस्त्राणावरील नेमयंत्र या गोष्टी देशात झाल्या. आधुनिक जेट इंजिन मात्र अखेरपर्यंत झाले नाही. कार्व्हर नावाची सर्वस्वी नव्या लढाऊ विमानाची योजना १९९१ मध्ये सोडून देण्यात आली. खर्च आणि अँगोला-नामिबियातील युद्धसमाप्ती ही तिची कारणे दिली जातात. योग्य इंजिनाचा अभावही तितकाच महत्त्वाचा मानायला हवा. रशियन आरडी-३३ वर आधारित इंजिन बसवून चीता-डी व मिराज एफ-१ यांच्या चाचण्या १९९० च्या दशकात झाल्या, परंतु ते सेवेत आले नाही. शस्त्रबंदीने या राजवटीचे काहीच बिघडवले नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू पाहिली पाहिजे. शेजारी देशांवर बाँब टाकणाऱ्या हवाई दलाला वीस वर्षे जुन्या इंजिनावर भागवावे लागले.

सेवा : चीता-ई १९९२ मध्येच निवृत्त झाले. चीता-सी १९९३ पासून लुई ट्रिचार्ट तळावरील क्र. २ स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले, म्हणजे ज्या युद्धासाठी ते आखले ते संपल्यावर. मे १९९४ मध्ये, लोकशाही निवडणुकांनंतर, शस्त्रबंदी उठवण्यात आली. २००८ मध्ये स्वीडिश ग्रिपेन विमानांनी चीताची जागा घेतली. इक्वेडोरने पुढे १० चीता-सी व २ चीता-डी घेतली.