वाकलेलं क्षितिज आणि गवंड्याचा ओळंबा

गुहागरच्या किनाऱ्यावरून काढलेला एक फोटो गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. समोर समुद्र, वर आभाळ आणि मध्ये कमानीसारखं वाकलेलं क्षितिज. खाली लिहिलं होतं, ‘पृथ्वी गोल असल्याचा डोळ्यांदेखत पुरावा!’ पृथ्वी गोल आहे, यात शंकाच नाही. पण त्या फोटोत दिसत होती ती पृथ्वीची गोलाई नव्हे. ती ॲक्शन कॅमेऱ्याच्या, म्हणजे हेल्मेटवर वगैरे बसवायच्या, फार रुंद दृश्य टिपणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याच्या भिंगाने घातलेली वाकण होती.

हिशोब करून पाहू. वाळूत उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.७ मीटरवर असतात. तिथून दिसणारं क्षितिज जेमतेम पावणेपाच किलोमीटर दूर असतं. फोटोची रुंदी ४००० पिक्सेल, आडवा आवाका ६० अंश आणि भिंग अगदी निर्दोष आहे असं धरा. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजाचा मध्य आणि टोकं यांच्या उंचीत जो फरक पडेल, तो अर्धा पिक्सेलसुद्धा भरत नाही. १०० मीटर उंच कड्यावर चढलात तर ३ पिक्सेल. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानातून सुमारे ३०. आता उलट बाजू बघा. भिंगात कोपऱ्यापाशी नुसता २ टक्क्यांचा दोष असला, म्हणजे कोपरा मध्याकडे तेवढा सरकला, तरी चौकटीच्या वरच्या भागातली सरळ रेघ १३ पिक्सेल वाकते. ॲक्शन कॅमेऱ्यात तर ती याच्या कितीतरी पट वाकते.

याची खात्री किनाऱ्यावरच करता येते. कॅमेरा थोडा वर उचला, म्हणजे क्षितिज चौकटीच्या खालच्या भागात येईल आणि कमानीची वाटी होईल. क्षितिज बरोबर मध्यावर आणा, ते सरळ दिसेल. फुग्याला बांधून उंच सोडलेल्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओतली नेमकी अशी सरळ चौकट उचलून ‘पृथ्वी सपाट आहे’ म्हणणारेही आहेत. दोन्ही दावे एकाच अज्ञानातून येतात. पृथ्वीच्या गोलाईचा पुरावा पाहायचा असेल तर चंद्रग्रहण पाहावं. चंद्रावर पडणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड दर ग्रहणात गोलच असते.

भिंगाच्या या दोषाला विरूपण म्हणतात, फोटोग्राफर मंडळी डिस्टॉर्शन म्हणतात. १८५७ साली जर्मन गणिती लुडविग फॉन झायडेल यांनी भिंगांच्या दोषांची, म्हणजे विपथनांची, पाच प्रकारांत गणिती मांडणी केली. त्यांतल्या पहिल्या चारांमुळे चित्र कुठे ना कुठे धूसर होतं. पाचवं विपथन म्हणजे विरूपण, आणि ते साऱ्यांत वेगळं आहे. त्यात प्रत्येक बिंदूचा प्रकाश नीट एका ठिकाणी गोळा होतो, फक्त ते ठिकाण चुकीचं असतं. टपाल फाटलेलं नाही, चुकीच्या घरी पडलंय. म्हणूनच ते परत योग्य घरी नेता येतं, आणि फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला हे इतकं सफाईने जमतं ते याच कारणाने.

प्रकाश चुकीच्या जागी जातो कशामुळे? बरेचदा भिंगापेक्षा ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, जागा महत्त्वाची ठरते. साध्या बहिर्गोल भिंगाच्या पुढे छिद्र ठेवलं, तर दृश्याच्या कडेकडून तिरपे येणारे किरण भिंगाच्या बाहेरच्या भागावर पडतात आणि प्रमाणाबाहेर आत वळतात. चित्राच्या कडा आत ओढल्या जातात, सरळ रेघा पिंपाच्या फळ्यांसारख्या बाहेर फुगतात. हे बॅरल डिस्टॉर्शन. तेच छिद्र भिंगाच्या मागे नेलं की उलटं घडतं. चारी कोपरे धरून ताणलेल्या चादरीसारखं चित्र दिसतं, ते पिनकुशन. मग छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारखीच भिंगं बसवली तर? एकाचा दोष दुसरं जवळजवळ फेडून टाकतं. १८६६ साली लंडनमध्ये डालमायर आणि म्युनिकमध्ये श्टाइनहाइल या भिंगं बनवणाऱ्यांनी एकमेकांवर अवलंबून न राहता अशी जुळी भिंगं बनवली. पुढे एसएलआर कॅमेऱ्यात, म्हणजे भिंगातून येणारं दृश्यच आरशाने डोळ्यापर्यंत नेणाऱ्या कॅमेऱ्यात, भिंगाच्या मागे आरसा आला. त्याला जागा द्यायची म्हणून वाइड लेन्सच्या पुढच्या भागात अंतर्गोल भिंगं बसवावी लागली, जुळेपण मोडलं आणि पिंप परत आलं.

आता मला सगळ्यांत आवडणारा भाग. वाकलेला फोटो सरळ करायचा तर पहिल्यांदा सुचतं ते असं की, जुन्या फोटोतला एकेक ठिपका उचलावा आणि नव्या कागदावर योग्य जागी ठेवावा. हे करून बघितलं तर नवा फोटो चाळणीसारखा होतो. ताणलेल्या भागात काही जागांवर एकही ठिपका पोचत नाही, तिथे काळी भोकं राहतात. म्हणून सॉफ्टवेअर उलटं चालतं. नव्या, कोऱ्या चौकटीतल्या प्रत्येक जागेपाशी थांबून ते विचारतं, ‘इथला रंग जुन्या फोटोत कुठे पडला असेल?’

आकडे घेऊ. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोत मध्यापासून कोपरा बरोबर २५०० पिक्सेलवर असतो. त्या अंतराला १ मानू. आपल्या २ टक्केवाल्या भिंगाचा नियम असा: सरळ चित्रातलं मध्यापासूनचं अंतर गुणिले (१ − ०.०२ × अंतराचा वर्ग) म्हणजे जुन्या फोटोतलं अंतर. नव्या चौकटीत मध्यापासून १५०० उजवीकडे आणि ९०० वर असलेली जागा घ्या. तिच्या अंतराचा वर्ग ०.४८९६ येतो, म्हणून गुणक ०.९९०२०८. जुन्या फोटोतला पत्ता मिळाला: १४८५.३१ उजवीकडे, ८९१.१९ वर. पण पिक्सेलला अपूर्णांकातला पत्ता नसतो! मग त्या जागेभोवतीच्या चार पिक्सेलांकडून जवळिकीप्रमाणे वर्गणी काढायची. सर्वांत जवळचा ५६ टक्के रंग देतो, बाकीचे तिघे २५, १३ आणि ६ टक्के. हे एका ठिपक्याचं झालं, असे एक कोटी वीस लाख ठिपके. चारांऐवजी सोळा शेजाऱ्यांना विचारलं तर चित्र आणखी रेखीव येतं. लाल, हिरवा आणि निळा यांचे गुणक किंचित वेगळे ठेवले, तर कडेच्या फांद्यांभोवती दिसणारी जांभळी-हिरवी किनारही याच फेरीत बरीचशी पुसली जाते.

नियमात अंतराचा वर्ग आणि, दोष गुंतागुंतीचा असेल तर, पुढे चौथा घात असे समघातच का येतात? भिंग अक्षाभोवती सममित आहे, अंतराचं चिन्ह उलटलं तरी गुणक बदलता कामा नये, म्हणून. चौथ्या घाताचा गुणांक विरुद्ध चिन्हाचा असला तर रेघ मध्यावर फुगते आणि टोकांना उलटी वळते, मिशीसारखी. उलट चालण्याचा आणखी एक फायदा असा की, सरळकडून वाकड्याकडे जायला नुसता गुणाकार पुरतो, वाकड्याकडून सरळकडे यायला प्रत्येक ठिपक्यासाठी त्रिघाती समीकरण सोडवावं लागलं असतं.

याची किंमतही मोजावी लागते. वरच्या नियमाचं अवकलन केलंत तर दिसेल, कोपऱ्यात दोष २ टक्के असला तरी तिथलं चित्र बाहेरच्या दिशेने ६ टक्क्यांहून जास्त ताणलं जातं. कोपरे थोडे धूसर होतात, कडेची पट्टी चौकटीबाहेर जाते. म्हणून लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेच्या माणसांना थोडी जागा ठेवावी. त्यांचे चेहरे मात्र यानंतरही रुंदच दिसतील, कारण तो भिंगाचा दोष नाही. सपाट पडद्यावर रेघा सरळ ठेवायच्या तर कडेचं ताणलं जाणारच. मान वर करून काढलेल्या फोटोत इमारत वर निमुळती होते, तेही याच जातीचं. त्या रेघा कलतात, वाकत नाहीत.

आणि ०.०२ सारखा आकडा येतो कुठून? फोटोंवरून मोजमापं करण्याच्या शास्त्रातले अमेरिकेचे ड्युएन ब्राउन यांनी १९७१ साली तो गवंड्याच्या हत्याराने शोधायची रीत मांडली. त्यांनी ओळंबे, म्हणजे टोकाला वजन बांधलेले दोर, टांगले आणि त्यांचे फोटो काढले. ओळंब्याचा दोर सरळच असणार, त्याची हमी गुरुत्वाकर्षणाची. मग फोटोतला दोर जितका वाकला तितका दोष भिंगाचा, आणि तो दोर सरळ करणारे गुणांक म्हणजेच त्या भिंगाची कुंडली. आज डार्कटेबल आणि डिजिकॅम ही फोटोंची सॉफ्टवेअर वापरतात त्या लेन्सफन या मुक्त संग्रहात स्वयंसेवकांनी सरळ कडांच्या इमारतींचे फोटो वापरून मोजलेल्या शेकडो भिंगांच्या अशा नोंदी आहेत.

तुमचं भिंग त्यात नसेल तर दाराच्या चौकटीला दोन दोरे बांधा, टोकांना एकेक जड नट अडकवा आणि हलणं थांबू द्या. एक दोर फोटोच्या मध्यावर, दुसरा अगदी कडेला येईल असा कॅमेरा धरा. मधला दोर काही केल्या वाकणार नाही, मध्यातून जाणारी रेघ या दोषात सरळच राहते. कडेचा दोर सरळ होईपर्यंत डिस्टॉर्शनचा स्लायडर सरकवा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. झूम लेन्स असेल तर झूमच्या दर टप्प्याला वेगळा, कारण एकच लेन्स बरेचदा वाइडला पिंप असते आणि टेलीला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, चादर.