मालकाकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर: हक्क कोणते, दाद कुठे, कागद काय लागतात

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्यातल्या कलम १७ खाली एका घोड्याचा दाखला आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्यात खोट आहे हे ठाऊक असतं, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. त्याच कलमाखालच्या दुसऱ्या दाखल्यात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन." विकणारा तरीही गप्प. आता मात्र हे गप्प बसणं म्हणजे बोलणंच. घोड्याच्या जागी आठ-दहा वर्षांची हॅचबॅक ठेवा. घरगुती मालकाकडून गाडी घेणाऱ्याचे बरेचसे हक्क या दोन दाखल्यांमधल्या फरकावर उभे आहेत.

"गाडी आणून पंधरा दिवस झाले आणि गिअरबॉक्स गेला, पैसे परत मिळतील का?" याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार मालाच्या दर्जाची हमी न लिहिताही मिळते, पण ती त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून. शेजारचे काका, ऑफिसातला सहकारी किंवा जाहिरात टाकून स्वतःची एकुलती एक गाडी विकणारा माणूस त्यात बसत नाही. जुन्या गाडीचा क्लच झिजणार, सस्पेन्शन वाजणार. विकणाऱ्याने त्याबद्दल काही सांगितलंच नसेल, तर तो खर्च तुमचा.

हक्क उरतो तो कुठे

सगळ्यात भक्कम हक्क मालकीचा. वस्तू विक्री कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला गाडी विकण्याचा अधिकार असलाच पाहिजे आणि तुम्हाला न सांगितलेला बोजा गाडीवर असता कामा नये. इथे विकणारा घरगुती की धंदेवाला हा प्रश्नच येत नाही. गाडी चोरीची निघाली तर "मलाही माहीत नव्हतं" हे त्याचं उत्तर चालत नाही. बँकेचं कर्ज फेडायचं राहिलं असेल, तर त्याचीही भरपाई मागता येते.

दुसरा हक्क वर्णनाचा. त्याच कायद्याचं कलम १५ म्हणतं की वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम हवा. जाहिरातीत २०१९ चं मॉडेल लिहिलंय आणि आरसीवर उत्पादन २०१७ चं आहे, कंपनी फिटेड सीएनजी म्हटलंय आणि किट बाहेरून बसवलंय, असे प्रकार यात येतात.

तिसरा हक्क खोटं सांगितल्याचा, आणि भांडणं बहुतेक याचीच असतात. मीटर मागे फिरवणं, ठोकलेली गाडी "एक ओरखडाही नाही" म्हणून विकणं, पुराच्या पाण्यात गेलेली गाडी आतून धुऊन नवी कव्हरं घालून देणं ही करार कायद्याच्या कलम १७ ची फसवणूक. विकणाऱ्याने स्वतःला खरं वाटत होतं तेच सांगितलं पण ते चुकीचं निघालं, तर ते कलम १८ चं गैरनिवेदन. दोन्हींत कलम १९ नुसार तुम्ही करार रद्द करू शकता, म्हणजे गाडी परत, पैसे परत. मात्र गैरनिवेदनाच्या किंवा नुसत्या मौनाच्या बाबतीत एक मेख आहे: साध्या चौकशीने खरं कळण्यासारखं असेल, तर रद्द करण्याचा हक्क जातो. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढंही केलं नसेल, तर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

करारात "गाडी जशी आहे तशी घेतली, नंतर कुठलीही तक्रार चालणार नाही" असं वाक्य असलं की लोक हातपाय गाळतात. झीज आणि किरकोळ दोषांपुरतं ते वाक्य चालतं. जाणूनबुजून केलेली लबाडी त्याखाली झाकली जात नाही.

समोरचा खरंच घरगुती मालक आहे का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ धंदा करणाऱ्यांविरुद्ध आहे. एकदाच स्वतःची गाडी विकणाऱ्या माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार सहसा टिकत नाही. त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय. पण "माझी स्वतःची गाडी" म्हणणाऱ्यांतले किती जण खरे मालक असतात, हा प्रश्न आहे. आरसी एकाच्या नावावर, पैसे दुसऱ्याच्या खात्यात, आणि त्याच मोबाइल नंबरवर आणखी चार गाड्यांच्या जाहिराती असतील, तर तो व्यापारी आहे. नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. डिसेंबर २०२२ च्या नियमदुरुस्तीने हे आलं. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण भांडण सुरू झालं की त्या गायब होतात. एजंटने दलाली घेतली असेल तर त्याच्या सेवेतल्या कसुरीची तक्रार आयोगात करता येते. तुम्ही स्वतः मात्र गाडी घरच्या वापरासाठी घेतलेली हवी. पुन्हा विकायला घेणारा ग्राहक ठरत नाही.

दोष लक्षात आला की

गाडी उभी करा. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड, पण दोष कळल्यावर महिना-दोन महिने गाडी पळवली, तर "हा व्यवहार मला मान्य नाही" म्हणायला तोंड राहत नाही; मग फार तर नुकसानभरपाई मिळते. आणि दुरुस्ती आधी करू नका. इंजिन खोलून नवे भाग बसले की जुना दोष दाखवायला उरतच नाही. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, तारीख, त्या दिवशीचं मीटर, दोष काय आणि तो साधारण किती जुना आहे हे आलं पाहिजे. ओळखीच्या मेकॅनिकचं तोंडी मत न्यायालयात फारसं कामाचं नसतं.

पुरावा कधीकधी गाडीतच बसलेला असतो. पाण्यात गेल्याचा संशय असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज बाहेर येणारा भाग धुतलेला असतो, पण रीळावर गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ तशीच राहते. सीटखालच्या रुळांच्या बोल्टवर गंज आहे का तेही पाहा. मीटरसाठी कंपनीची सर्व्हिस हिस्ट्री काढा: दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ८२ हजार किलोमीटर आणि विकताना ४६ हजार, एवढा एक कागद पुरतो. आणखी एक जागा फारसं कोणी बघत नाही, ती म्हणजे जुन्या मालकाची विमा पॉलिसी. क्लेम न घेतल्यास नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की शून्यावर येतो. "कधी ठोकलीच नाही" म्हणणाऱ्याच्या पाच वर्षांच्या गाडीला शून्य बोनस दिसत असेल, तर पुढची चौकशी विमा कंपनीकडे करा.

कागद

आरसी, मालकी बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मच्या प्रती, विक्री करार किंवा डिलिव्हरी नोट, पैसे दिल्याचा बँकेचा उतारा, जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं, तपासणी अहवाल, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, विमा पॉलिसी. कर्ज होतं असं सांगितलं असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा ३५ नंबरचा फॉर्म. अर्धी रक्कम रोख दिली असेल आणि पावती नसेल तर तेवढी अडचण आहेच, निदान "एवढे रोख मिळाले ना?" असा मेसेज टाकून होकार मिळवता येतो का पाहा.

व्हॉट्सॲपच्या नुसत्या प्रिंटआउटवर भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, आणि मूळ मेसेज फोनमध्ये जपून ठेवायचे. फोन बदलण्याची हौस निकालानंतर भागवा.

गाडी अजून तुमच्या नावावर झालेली नसेल, तर घाबरून नावावर करण्याचं थांबवलं पाहिजे असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने आरटीओला ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि कलम १५७ नुसार विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. पैसे परत मागणार असाल तर हे वकिलाशी बोलून ठरवा. आरटीओत जाऊन मात्र दोषाची तक्रार करू नका. ते खातं नोंदणी बघतं, गिअरबॉक्सचा न्याय करत नाही.

नोटीस आणि पुढचं

आधी विकणाऱ्याला लेखी कळवा, नंतर नोटीस. ती वकिलाकडूनच जायला हवी असा नियम नाही. काय सांगितलं गेलं, खरं काय निघालं, तुम्हाला कधी कळलं, मागणी काय (पैसे परत की दुरुस्तीचा खर्च) आणि १५ दिवसांची मुदत, एवढं पुरे. मेसेज पाठवाच, पण पोस्टानेही पोहोच पावतीसह पाठवा. बोलताना सगळे अजून आरपीएडी, म्हणजे पोहोच पावतीसह रजिस्टर पोस्ट, म्हणतात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा.

नोटिशीला उत्तर नाही आलं, तर खऱ्या घरगुती मालकाविरुद्ध दिवाणी दावा. मुदत तीन वर्षांची. फसवणुकीत ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. दावा विकणारा राहतो तिथे किंवा व्यवहार झाला तिथे लावायचा. कोर्ट फी रकमेनुसार. लाख-सव्वा लाखाच्या भांडणासाठी मी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करायला सांगेन. त्याला फी नाही, दोघांना बोलावतात, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. समोरचा आलाच नाही, तर थोडे दिवस गेले एवढंच.

विकणारा व्यापारी किंवा एजंट असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे, आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवर अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कागद चढवायचे. वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहा, नावाजलेल्या कंपन्या कधीकधी तेवढ्यानेच हलतात. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत. ते कॅलेंडर लावून बसू नका.

पोलिसांकडे जावं का? मीटर फिरवलेलं, चासी नंबर खोडलेला, चोरीची गाडी, बनावट एनओसी, अशा वेळी जरूर जावं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायला मिळालं, तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात असाल तर आयुक्तांकडे पाठवा, आणि तिथूनही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण खराब क्लचसाठी चौकीत जाऊन दम देण्याचा प्रयत्न अंगाशी येतो.

बरीच प्रकरणं नोटिशीनंतर तडजोडीने मिटतात. गाडी परत द्यायची ठरली तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत उलट्या नावाच्या २९-३० फॉर्मवर सही करू नका आणि चावीही देऊ नका. चेक घ्यावाच लागला तर तडजोडनाम्यात चेकचा नंबर लिहून घ्या. तो न वटता परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक वगैरेंच्या कायद्याच्या) कलम १३८ ची नोटीस गेली पाहिजे.