फुगतो नंतर, आटतो आधी

सोलापुरात मे महिन्यात टॉवेलच्या मागाचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) बंद पडला की त्याच्या कार्डावर, म्हणजे सर्किट बोर्डावर, बऱ्याचदा एखादा डोकं फुगलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा डबा) सापडतो. फुगणं ही शेवटची पायरी. आतलं द्रावण त्याच्या कितीतरी आधीपासून आटत असतं.

डब्यात ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रावणात भिजलेला कागद, अशी गुंडाळी असते. धन पट्टीवरचा ऑक्साइडचा थर हाच इन्सुलेटर. थर तयार करताना दर व्होल्टला जेमतेम 1.4 नॅनोमीटर जाडी चढते, म्हणून एवढ्याशा डब्यात एवढी क्षमता मावते. दुसरी पट्टी नुसती जोडणीपुरती; खरी ऋण बाजू द्रावणच. ते रबरी बुचातून हळूहळू उडतं, अंतर्गत रोध (ईएसआर) वाढतो, त्यातून वाहणाऱ्या रिपल (सतत वरखाली होणाऱ्या) करंटमुळे डबा आणखी तापतो आणि आटणं वेग घेतं.

डब्यावर '105 अंश, 2000 तास' छापलेलं असतं. तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. शेडमध्ये 40 अंश, बंद पॅनेलमध्ये 55, कपॅसिटर स्वतः 65 धरू: 32,000 तास. दोन पाळ्यांत रोज 16 तास म्हणजे साडेपाच वर्षं. आता पॅनेलच्या पंख्यावर सुताचे तंतू बसले आणि तापमान 10 अंशांनी चढलं, तर पावणेतीनच. महागडा कपॅसिटर आणण्याआधी ती जाळी झाडा.

क्षमतेचा मीटर इथे फसवतो: मायक्रोफॅरड ठीक दिसतात, पण ईएसआर कितीतरी वाढलेला असतो. म्हणून ईएसआर मीटरच वापरा. बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, 105 अंशांचा आणि कमी ईएसआरचा घ्या. पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर थर मोडतो, वायू होतो आणि डबा फुटतो.

तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये 415 व्होल्टचे डीसीला सुमारे 587 होतात. स्विच बंद केल्यावर ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग डीसी व्होल्ट मोजूनच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून 'खाली करायची' सवय मात्र घातकच.

आणि छताच्या पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा 'कंडेन्सर' यातला नव्हे. तो प्लॅस्टिक फिल्मचा, त्यात आटायला द्रावणच नसतं.