धातूंची औष्णिक वाहकता आणि तिचे मापन

धातूतून उष्णता किती सहज वाहते ते सांगणारी राशी म्हणजे औष्णिक वाहकता. एक मीटर जाड आणि एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानांत एक केल्विनचा फरक कायम राखला, तर त्यातून दर सेकंदाला जितके जूल उष्णता जाते, तितकी त्या पदार्थाची वाहकता. एकक वॅट प्रति मीटर केल्विन. उष्णतेचा प्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात असतो, हा यामागचा नियम जोझेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला.

सर्वसाधारण तापमानाला चांदीची वाहकता सुमारे ४३०, तांब्याची ४००, सोन्याची ३१७, अ‍ॅल्युमिनियमची २३७, लोखंडाची ८०, शिशाची ३५ असते. स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५ आणि पाऱ्याची सुमारे ८. सगळे धातू ‘सुवाहक’ म्हणून एकाच रांगेत बसवले जातात, पण या रांगेच्या दोन टोकांत पन्नासपट अंतर आहे.

धातूत उष्णता वाहून नेण्याचे बहुतेक काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात. अणूंच्या कंपनांचा वाटा सहसा थोडा असतो. म्हणून इलेक्ट्रॉनांच्या वाटेत जे आडवे येते ते वाहकता घटवते. पाइपांच्या तांब्यात ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी फॉस्फरस घालतात. तो शेकडा ०.०४ भागांहून अधिक नसतो, तरी वाहकता ३४०च्या आसपास उतरते. संमिश्रांत तर निरनिराळ्या अणूंची सरमिसळच असते. स्टेनलेस स्टील शुद्ध लोखंडाच्या इतके मागे पडते ते त्यामुळेच.

उष्णता आणि वीज यांचे वाहक एकच असल्याने दोन्ही वाहकतांचे गुणोत्तर निरनिराळ्या धातूंत जवळपास सारखे येते, हे गुस्ताव वीडेमान आणि रुडॉल्फ फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये दाखवले. हे गुणोत्तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, ही भर पुढे लुडविग लोरेन्झ यांनी घातली. तांब्याच्या विद्युतरोधावरून हिशेब केला तर औष्णिक वाहकता सुमारे ४२५ येते. प्रत्यक्ष मापन ४०० सांगते. वीज मोजणे उष्णता मोजण्यापेक्षा फार सोपे असल्यामुळे संमिश्रांचा अंदाज घ्यायला ही आडवाट आजही वापरतात.

उष्णता मोजणे अवघड का? विजेला अडवणारे पदार्थ तांब्याच्या तुलनेत अब्जावधीपटींनी दुर्वाहक असतात, त्यामुळे वीज तारेतच राहते. उष्णतेला असे आवरण मिळत नाही. स्थिर हवेची वाहकता ०.०२६, म्हणजे तांब्याच्या सुमारे पंधरा हजारावा भाग, आणि सळीचा बाहेरचा पृष्ठभाग मात्र भरपूर. सळीतून नेमकी किती उष्णता गेली आणि किती बाजूने निसटली, हाच मापनाचा खरा प्रश्न. पद्धतींमधला फरक मुख्यतः या गळतीचे काय करायचे एवढ्यापुरताच आहे.

जेम्स फोर्ब्स यांनी ती अडवलीच नाही, मोजली. लांब सळीचे एक टोक तापवून तिच्यावर ठिकठिकाणी तापमान नोंदवायचे. मग त्याच धातूचा आखूड तुकडा तापवून थंड होऊ द्यायचा आणि कोणत्या तापमानाला किती उष्णता निसटते ते काढायचे. एखाद्या छेदाच्या पुढे निसटलेल्या उष्णतेची बेरीज म्हणजेच त्या छेदातून गेलेला प्रवाह. काम किचकट, पण लोखंडाची वाहकता तापमानाबरोबर घटते हे याच पद्धतीने कळले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत भेटते ते सर्ल यांचे उपकरण. जाड सळी आवरणात गुंडाळतात, एका टोकाला वाफ देतात, दुसऱ्या टोकाभोवतीच्या नळीतून पाणी सोडतात. दहा चौरस सेंटीमीटर छेदाच्या तांब्याच्या सळीत दहा सेंटीमीटर अंतरावर दहा अंशांचा फरक असेल, तर ४० वॅट उष्णता वाहते आणि सेकंदाला एक ग्रॅम वेगाने जाणारे पाणी साडेनऊ अंशांनी तापते. तापमाने स्थिरावण्याआधी नोंदी घेतल्या की उत्तर चुकते, आणि घाई इथेच होते.

मेण लावलेल्या सळ्यांचा प्रयोगही शाळेत याच घाईने बिघडतो. कोणते मेण आधी वितळते यावर वाहकता ठरवतात, पण सुरुवातीच्या या शर्यतीत वाहकतेइतकीच घनता आणि विशिष्ट उष्णताही भाग घेतात. शिशाची वाहकता लोखंडाच्या निम्म्याहून कमी, तरी दोघांत तापमान जवळपास सारख्याच वेगाने पसरते. खरी तुलना सगळे स्थिर झाल्यावर मेण कुठवर वितळले त्या लांबीची. वाहकता त्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

तापमान पसरण्याचा हाच वेग लेझर-झोत पद्धत मुद्दाम मोजते. पातळ चकतीच्या एका बाजूवर क्षणभर झोत टाकायचा आणि मागच्या बाजूचे तापमान कमाल वाढीच्या निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. दोन मिलिमीटर जाड तांब्यात हा वेळ सुमारे पाच मिलिसेकंद असतो, त्यामुळे गळतीला फारशी संधीच मिळत नाही. या वेळेवरून आणि चकतीच्या जाडीवरून तापमान पसरण्याच्या वेगाची संख्या काढतात; तिला घनता आणि विशिष्ट उष्णतेने गुणले की वाहकता येते. १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत आज उद्योगांत सर्वत्र दिसते.

अतिशय बारीक तारा आणि पातळ थर यांना मात्र कोष्टकातले आकडे लागू पडत नाहीत. तांब्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांदरम्यान सरासरी ४० नॅनोमीटर जातो; थर त्याहून पातळ झाला की पृष्ठभागच त्याला अडवू लागतो आणि वाहकता घसरते.