संशोधनाचा पेपर जर्नलमधे छापून आला म्हणजे तो खरा, असं कुणी सांगितलं?

२००२ सालची गोष्ट आहे. यान हेंड्रिक शोन नावाचा एक तरुण जर्मन फिजिसिस्ट अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधे होता आणि त्याची गाडी नुसती सुसाट सुटली होती, २००१ मधे तर सरासरी दर आठ दिवसाला याच्या नावाचा एक पेपर येत होता, तेही 'नेचर' आणि 'सायन्स' सारख्या जर्नल्समधे. एका रेणूएवढा ट्रान्झिस्टर बनवला म्हणे, लोक नोबेलच्या गप्पा मारायला लागले होते. मग बाहेरच्या काही शास्त्रज्ञांनी त्याचे दोन वेगवेगळे पेपर शेजारी शेजारी ठेवून बघितले तर ग्राफमधला नॉईज सारखाच.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण नॉईज म्हणजे मोजमाप करताना रेषेत येणारी बारीक थरथर, ती उपकरणामुळे येते, तापमानामुळे येते, आणि दर वेळी ती वेगळीच असते. प्रयोग वेगळा, तापमान वेगळं आणि थरथर मात्र प्रत्येक खाचाखोचेसकट तीच, हे निव्वळ अशक्य. चौकशी समिती बसली, २४ आरोप तपासले, त्यातले १६ खरे निघाले. समितीने मूळ डेटा मागितला तर साहेबांकडे प्रयोगाच्या वह्याच नाहीत, आणि कॉम्प्युटरवरच्या फाईल्स का उडवल्या तर म्हणे डिस्कवर जागा नव्हती!

लोक लगेच विचारतात की मग पीअर रिव्ह्यू (छापायच्या आधी त्याच विषयातल्या तज्ज्ञाने केलेली तपासणी) काय झोपला होता का? नाही हो, रिव्ह्यूअर ज्या कामासाठी असतो ते त्याने बहुतेक केलंच असणार. त्याचं काम म्हणजे समोर आलेला पेपर वाचायचा, पद्धत बरोबर आहे का, निष्कर्ष डेटातून खरंच निघतो का, आधीच्या कामाचे संदर्भ दिलेत का हे बघायचं, आणि हे सगळं बहुतेक वेळा फुकट, स्वतःचं काम सांभाळून. तो लॅबमधे जाऊन वह्या उघडत नाही. डेटा खरा आहे हे गृहीत धरूनच तो वाचायला बसतो. त्यामुळे चूक सापडते, थाप सापडत नाही.

चूक सापडते याचं भारी उदाहरण म्हणजे खुद्द आईनस्टाईन. १९३६ मधे त्याने आणि नेथन रोझनने 'फिजिकल रिव्ह्यू'ला एक पेपर पाठवला, गुरुत्वीय लहरी नसतातच असं म्हणणारा. एडिटरने तो एका रिव्ह्यूअरकडे पाठवला, त्याने त्यातली गफलत दाखवली, तर आईनस्टाईन भडकला की आम्ही छापायला दिला होता, छापायच्या आधी कुणा तज्ज्ञाला दाखवायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? पेपर परत घेतला. नंतर चूक दुरुस्त करून, निष्कर्ष बदलून तो दुसऱ्या जर्नलमधे आला. रिव्ह्यूची ताकद ही आहे, आणि मर्यादासुद्धा इथेच आहे, कारण आईनस्टाईन चुकला होता पण खोटं बोलत नव्हता.

खोटं बोलायचंच ठरवलं तर हा रिव्ह्यूच हायजॅक करता येतो. बरीच जर्नल्स लेखकालाच विचारतात की तुमच्या विषयातले रिव्ह्यूअर सुचवा. २०१२ मधे दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाचं प्रकरण उघडकीला आलं, याने सुचवलेली काही नावं खऱ्या माणसांची होती पण ईमेल पत्ते याचे स्वतःचे, म्हणजे पेपर हाच लिहिणार आणि तपासणार पण हाच. पकडला कसा गेला? रिव्ह्यू चोवीस तासाच्या आत परत यायचे. खरे रिव्ह्यूअर आठवडेच्या आठवडे लावतात, तीन वेळा आठवण करून द्यावी लागते, हे एडिटर लोकांना पक्कं ठाऊक असतं!

तो एकट्याचा उद्योग होता, आता याची फॅक्टरी झालीय. पेपर मिल म्हणतात त्याला. पैसे द्या, तयार पेपर घ्या, ऑथर लिस्टमधे पहिलं नाव पाहिजे तर रेट जास्त. प्रमोशनला, डिग्रीला पेपर मोजले जातात ना, मग मागणी आहे तिथे पुरवठा येणारच. हिंदावी नावाच्या प्रकाशकाचे स्पेशल इश्यू, म्हणजे एकेका विषयावरचे खास अंक, यात असे सापडले की २०२३ या एका वर्षात त्यांचे ८००० च्या वर पेपर मागे घेतले गेले, म्हणजे छापून झाल्यावर रद्द केले गेले, जगभरातला त्या वर्षीचा एकूण आकडाच १०००० च्या पुढे होता. हिंदावीला विकत घेतलेल्या वायली कंपनीने शेवटी ते नावच बंद करायचं ठरवलं. आणि प्रीडेटरी जर्नल्स हा अजून वेगळाच प्रकार, फी भरा आणि छापून घ्या. २०१३ मधे जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक बोगस पेपर बनवून ३०४ ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नल्सना पाठवला, त्यात ग्राफखाली लिहिलं होतं की डोस वाढवला की परिणाम वाढतो आणि वर ग्राफमधे मात्र काहीच वाढत नव्हतं. १५७ जर्नल्सनी घेतला. (वर्गणीवाल्या जर्नल्सना त्याने पाठवलाच नाही, त्यामुळे तिकडे काय झालं असतं ते राहिलंच, ही टीका मला तरी पटते.)

नियम नाहीत असं अजिबात नाही. १९९७ मधे ब्रिटनमधल्या काही मेडिकल एडिटर्सनी मिळून कोप नावाची संस्था काढली, कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स. एडिटरला संशय आला तर आधी लेखकाला विचारा, उत्तर पटलं नाही तर त्याच्या संस्थेला कळवा, अशी पायरी पायरीने आखणी त्यांनी करून ठेवलीय. ऑथर कुणाला म्हणायचं हे पण मेडिकल एडिटर्सच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलंय. कामात खरा वाटा पाहिजे, लिहिण्यात किंवा मजकूर तपासून सुधारण्यात हात पाहिजे, शेवटच्या मसुद्याला मंजुरी पाहिजे आणि उद्या प्रश्न आला तर जबाबदारी घेतली पाहिजे, चारही पाहिजेत, एखादी चालणार नाही. म्हणजे फक्त डिपार्टमेंटचे हेड आहेत म्हणून नाव टाकणं यात बसत नाही, टाकतात तरी. एआय पण बसत नाही, जबाबदारी कोण घेणार? शोनच्या प्रकरणात सगळे सहलेखक फसवणुकीच्या आरोपातून सुटले, पण मग तो अद्भुत डेटा एकदा स्वतःच्या डोळ्याने बघावा असं त्यांच्यापैकी कुणालाच कसं वाटलं नाही, याला उत्तर काय?

अडचण अशी की कोपकडे काठी नाही. एडिटरही पोलीस नाही, तो संस्थेला पत्र लिहितो, आणि संस्थेला आपल्याच स्टार प्रोफेसरची चौकशी करायची असते, त्याच्या नावावर ग्रँट येत असतात. मग वर्षं जातात.

म्हणून मला वाटतं जर्नलची पारख त्यात खोटा पेपर शिरला का यावर करूच नये, तो कुठेही शिरेल, कळल्यावर ते काय करतात आणि किती दिवसात करतात ते बघावं. 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलचीच दोन उदाहरणं घ्या. १९९८ मधे अँड्र्यू वेकफिल्डचा १२ मुलांवरचा पेपर आला, त्यावरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध असल्याची भीती पसरली. लस कंपन्यांविरुद्ध केस उभी करणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते हे त्याने सांगितलंच नव्हतं, ते ब्रायन डीअर या पत्रकाराने बाहेर काढलं. २००४ मधे १० सहलेखकांनी त्या अर्थ लावण्यातून अंग काढून घेतलं, तरी पेपर पूर्ण मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडलं. बारा वर्षं. तोवर लशीची भीती घराघरात पोचली होती.

दुसरं, २२ मे २०२०. कोविडमधे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घातक ठरतंय असा पेपर, ९६००० पेशंट, ६७१ हॉस्पिटलं, डेटा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचा. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच आपल्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. पण ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी आकडे बघितले तर पेपरमधे तिथल्या फक्त पाच हॉस्पिटलात ७३ मृत्यू आणि नोंदींप्रमाणे त्याच तारखेपर्यंत, म्हणजे २१ एप्रिलपर्यंत, अख्ख्या देशात ६७! साधी वजाबाकी. कंपनीने मूळ डेटा दाखवायला नकार दिला, तीन लेखकांनी स्वतःच पेपर मागे घ्यायला सांगितला, ४ जूनला गेला. तेरा दिवस लागले. हे श्रेय जर्नलचं कमी आणि बाहेर बसून बारकाईने वाचणाऱ्यांचं जास्त.

मागे घेतलेला पेपर नेहमी लबाडीचाच असतो असंही नाही. फ्रान्सेस अर्नोल्ड, २०१८ ची केमिस्ट्रीची नोबेलवाली, तिने जानेवारी २०२० मधे स्वतःचा पेपर मागे घेतला कारण प्रयोग परत करून बघितला तर जमेना आणि वहीत नोंदी गायब होत्या, आणि ट्विटरवर सरळ लिहून टाकलं की तेव्हा गडबडीत होते, काम नीट केलं नाही. तिचं नाव खराब वगैरे काही झालं नाही.

मागे घेतलेले पेपर पुढेही संदर्भ म्हणून वापरले जातात ही डोकेदुखी मात्र आहेच, कारण पीडीएफ डाऊनलोड करून ठेवलेली असते आणि तिच्यावर कुठलाही शिक्का उमटत नाही. रिट्रॅक्शन वॉच नावाचा मागे घेतलेल्या पेपरांचा मोठा डेटाबेस आहे, २०२३ मधे क्रॉसरेफ या पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने तो घेऊन सगळ्यांना फुकट खुला केला, आणि झोटेरो हे संदर्भ जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तुमच्या संग्रहातला एखादा पेपर मागे घेतला गेला की ते लाल पट्टी दाखवून आपणहून सांगतं.