फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट

मृग लागून गेला होता, पहिला पाऊस दणकून झाला, सगळ्या गावात सोयाबीन पेरायची घाई आणि आमच्या ट्रॅक्टरचे ऑइल बदलायचे 250 तास कधीचेच उलटून गेलेले. मिस्त्रीकडे तर लाईन लागली होती. म्हटलं आपणच करू, मागच्या वेळेसही आपणच तर केलं होतं, त्यात काय एवढं.

जुना फिल्टर काही केल्या निघेना. हातानं नाही, चिंधी गुंडाळून नाही, शेवटी त्याच्या पोटात पेचकस ठोकून आरपार घातला आन् दांडा धरून पिळला तेव्हा कुठे सुटला. नवा बसवला, ऑइल भरलं, स्टार्टर मारला. पाच-सहा सेकंद काही नाही आणि मग फिल्टरच्या बाजूनं अशी पिचकारी सुटली की मी बंद करायला धावेपर्यंत चाकाखालची काळी माती अजून काळी झाली होती. नवंकोरं ऑइल, तीन-चार लिटर, सरळ वावरात.

संध्याकाळी मिस्त्री आला, त्यानं गळती पाहिलीच नाही, धुऱ्यावर फेकलेला जुना फिल्टर उचलला आणि उलटा करून मला दाखवला. "जुनं पॅकिंग कुठी हाय रे?" खाचेत पॅकिंगची रबरी रिंगच नव्हती. ती इंजिनच्या तोंडाला चिकटून राहिली होती, काळ्यावर काळी, मला दिसलीच नाही, आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला. रबरावर रबर. दाब आला तशी एक रिंग बाहेर सरकली.

"मांगच्या टाइमाले बसवतानी रबराले तेल लावलं होतं का?"

"नाही लावलं. त्याले कायले तेल काका, आतमंधी तेलच तं हाय."

तो हसला आणि कामाला लागला. पण माझा प्रश्न मला तरी बरोबरच वाटत होता, म्हणून नंतर त्याच्या मागे लागलो.

आधी ही रिंग काय सांभाळते ते बघा. फिल्टरच्या तोंडावर मधात आट्यांचं मोठं भोक असते आणि त्याच्याभोवती लहान लहान भोकं. घाण ऑइल भोवतीच्या भोकांतून आत शिरते, घड्या घातलेल्या कागदातून गाळून मधल्या भोकानं इंजिनमध्ये परत जाते. या सगळ्याला बाहेरून कुंपण एकच, ती रबराची रिंग. इंजिन गरम असताना चालत्या गाडीत ऑइलचा दाब साधारण 3 ते 4 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, थंड इंजिनात घट्ट ऑइल असलं की अजून वर जातो. रिंगच्या आतला व्यास 6 सेंटिमीटरच्या आसपास धरला तर आतलं क्षेत्रफळ झालं 28 चौरस सेंटिमीटर, त्याला 4 नं गुणा. म्हणजे फिल्टरला इंजिनपासून ढकलायला शंभर-सव्वाशे किलोचा जोर, सोयाबीनचा एक अख्खा क्विंटल आणि वर थोडं. तो जोर आटे सोसतात, पण फटीतून ऑइल येऊ न देणं हे काम फक्त रबराचं.

आता रबराची गंमत अशी की ते दाबलं तर त्याचं आकारमान जवळपास कमी होतच नाही, ओल्या कणकीच्या गोळ्यासारखं बाजूनं फुगते. फुगता फुगता लोखंडावरचे बारीक ओरखडे, खड्डे भरून टाकते आणि वाट बंद होते. पण त्यासाठी ते सरळ दाबलं गेलं पाहिजे. फिल्टर तर आपण फिरवून बसवतो, म्हणजे रबर एकाच वेळी दाबलंही जाते आणि लोखंडावर घासलंही जाते, आणि सगळी भानगड या घासण्यात आहे.

शाळेत आपण घर्षणाचे जे नियम शिकलो ते रबराला नीट लागू पडत नाहीत. कोरडं रबर स्वच्छ धातूला चिकटूनच बसते, त्याला सरकवायला कधी कधी त्याला दाबणाऱ्या जोराएवढाच किंवा त्याहून जास्त जोर लागतो. आणि ते सरकते तेही साधं नाही. 1971 मध्ये अॅडॉल्फ शॅलॅमाख या संशोधकानं मऊ रबर आणि काच एकमेकांवर घासताना निरखून पाहिलं, तर रबर सपाट सरकतच नव्हतं, त्यात बारीक सुरकुत्या उठत होत्या आणि त्या सुरकुत्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत होत्या. आपल्या सोयाबीनवरची उंटअळी कशी चालते, पाठीची कमान करते, पुढं टेकते, मग मागचं ओढते, साधारण तसलाच प्रकार. फिल्टरची रिंग काचेवरच्या मऊ रबराएवढी नाजूक नाही, पण कोरडी असली की तीही धरते-सोडते, धरते-सोडते. बसवताना हाताला जे झटके लागतात आणि चर्र आवाज येतो तो हाच. एखाद्या ठिकाणी रिंग पिळते, खाचेतून अर्धी बाहेर येते, कधी फाटते पण. वरून काहीच दिसत नाही.

याहून मोठी फसवणूक आपल्या हाताची होते. आपण म्हणतो "हाताला घट्ट लागलं म्हणजे बसलं". पण हाताचा जोर जातो कुठं? आटे केंद्रापासून 1 सेंटिमीटरच्या आत आहेत, रबर आहे 3 सेंटिमीटरच्या पुढं. दरवाजा कडीजवळ धरून अडवणं सोपं, बिजागरीजवळ अवघड, तसंच रबर लांबून अडवते म्हणून त्याचं घर्षण तिप्पट जड पडते. कोरड्या रिंगवर आपला बहुतेक जोर घासण्यातच संपतो, हाताला वाटते की लय आवळलं, आणि रबर असते अर्धवट दाबलेलं. तेलाचं एक बोट फिरवलं की घर्षण कित्येक पटीनं उतरते आणि हाताला जे लागते ते खरंच दाबल्याचं लागते.

मिस्त्री लोक म्हणूनच जोर मोजत नाहीत, चक्कर मोजतात. रबर टेकेपर्यंत सैल फिरवायचा, आणि टेकल्यावर पाऊण चक्कर, फार तर एक. बऱ्याच फिल्टरला इंचात 16 आटे असतात, म्हणजे एका चक्करात फिल्टर दीड मिलिमीटरच्या थोडं वर चढतो आणि पाऊण चक्करात साधारण 1.2 मिलिमीटर. पाऊण चक्कर म्हणजे खरं तर रबर इतकं दाबा असा मापच आहे, फक्त आट्यांच्या भाषेत सांगितलेला. काही फिल्टरच्या बाहेरच्या पत्र्यावर गोल फेरीत 1, 2, 3, 4 आकडे छापलेले असतात ते शोभेला नाहीत, चक्कर मोजायलाच आहेत. (तुमच्या फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर ते ऐका, माझं नाही.) आणि तेल लावलं तर सैल होऊन सुटणार नाही का, असं आमच्या घरच्या काकांनी मला विचारलं होतं. नाही सुटत, कारण दाबलेलं रबर स्प्रिंगसारखं आट्यांना उलटं ताणून धरते, पकड तिथं राहते.

तेल कोणतं लावायचं? जे इंजिनमध्ये घालून राहिलो तेच, ताजं. जुन्यात काजळी आणि किस असतो, तो मुद्दाम पॅकिंगखाली कशाला न्यायचा. ही रिंग बहुतेक करून नायट्राइल रबराची असते, 1930 च्या दशकात जर्मनीत निघालेलं हे रबर, त्याच्या साखळीत असे गट गुंफलेले असतात की खनिज तेलाचं आणि त्यांचं पटतच नाही, पाण्याचं आणि तेलाचं पटत नाही तसं. म्हणून तेल त्यात फारसं शिरत नाही. सायकलच्या ट्यूबचं तसं नाही, विश्वास नसेल तर ट्यूबचा एक तुकडा ऑइलच्या वाटीत आठ-दहा दिवस बुडवून ठेवा, फुगून लिबलिबीत होते. ट्यूब कापून पॅकिंग बनवणारे जुगाडू आमच्याकडे आहेत, म्हणून सांगितलं. ब्रेक ऑइल मात्र लावू नका, त्याची जात वेगळी, नायट्राइल त्यात फुगते. आणि पातळ थर पुरे, थापलं तर तेच नंतर ओघळते आणि आपण गळती शोधत बसतो.

इंजिनचं तोंड पुसायला घरचा कापूस घेऊ नका. कापसाच्या मुलखात हे सांगणं जिवावर येते, पण त्याचा एक तंतू जरी रबराखाली अडकला तर ऑइलला चढायला वात तयार. जुनी धुतलेली धोतराची चिंधी चांगली.

चिकटून बसण्याचं राहिलंच. ऑइल शंभर डिग्रीच्या आसपास तापते, वर आमचा मे महिना, आणि कोरडं रबर महिनोन् महिने तापल्या लोखंडाला दाबून ठेवलं तर ते धातूला धरून बसते. मधात तेलाचा थर असला की तेवढं धरत नाही. माझा पेचकस लागला तो यामुळेच, आणि रिंग मागं राहिली तीही.

यंदा हरभऱ्याच्या आधी पुन्हा फिल्टर बदलला, या वेळेस पुतण्यानं. हातानंच सुटला. पोट्ट्यानं फिल्टर खाली ठेवायच्या आधी उलटा करून खाच पाहिली, रिंग जाग्यावर होती, तरी इंजिनच्या तोंडावरून एकदा बोट फिरवलं आणि मला म्हणे, "काका, इथी काहीच नाई."