सरती थंडी आणि वसंतागमन (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर साधारण माघापासून चैत्रापर्यंत चालणारा ऋतुबदल. पंचांगात माघ-फाल्गुन हा शिशिर आणि चैत्र-वैशाख हा वसंत. भारतीय हवामान खाते जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा आणि मार्च ते मे या काळाला मान्सूनपूर्व काळ मानते. त्या वर्गीकरणात वसंताला जागाच नाही. ‘आपल्याकडे वसंत येत नाही, थंडी संपली की थेट उन्हाळा’ ही या भागातली नेहमीची तक्रार. दुपारचा पारा पाहून ती खरी वाटते. पहाटेचा गारवा आणि झाडे पाहिली तर ती टिकत नाही.

जुन्या, सलग नोंदी असलेले जवळचे केंद्र सांताक्रूझचे. तिथे जानेवारीतले दुपारचे सरासरी तापमान सुमारे ३१ अंश सेल्सिअस, तर मार्चमधले सुमारे ३३. दिवसाच्या उन्हात फरक पडतो तो एवढाच. पहाटेचे तापमान मात्र याच काळात १७ च्या आसपासून २१ च्या पुढे जाते. इथला हिवाळा हा मुळात रात्रीचाच, त्यामुळे तो सरतोही रात्रीच. आधी पहाटेची शाल सुटते, मग पंखा एकवर येतो, आणि फाल्गुनात कधीतरी तो रात्रभर पाचवर फिरू लागतो. १७ अंशांना थंडी म्हणण्यावरून घाटावरचे पाहुणे हसतात; त्यांनी हसावे. किनाऱ्यासाठी हवामान खात्याचे निकषही वेगळे आहेत. किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर इथे थंडीची लाट म्हणता येते. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंशांचा आहे, जानेवारी १९६२ मधला.

थंडी रेंगाळते ती उत्तरेमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ (पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवेच्या प्रणाली) हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले की त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे वारे गुजरातमार्गे कोकणात उतरतात. फेब्रुवारीत असा एखादा विक्षोभ आला, की गेली म्हणून सोडून दिलेली थंडी दोन-चार पहाटांसाठी परत येते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने धुळीचे लोट मुंबई-ठाण्यावर आले, तेव्हा दिवसाचाच पारा असा उतरला की भर दुपारी स्वेटर दिसले. याउलट घडते ते पूर्वेच्या वाऱ्यांनी. ते जोर धरतात तेव्हा घाटावरून उतरणारी हवा दाबली जाऊन आणखी तापते, आणि एरवी दुपारपर्यंत पोचणारे खारे वारे अडून राहतात. खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगराआड ते आणखी उशिरा पोचतात.

एकाच जिल्ह्यात सगळीकडे थंडी एकदम सरत नाही. समुद्रापासून आत असलेल्या बदलापुरात मोकळी जमीन रात्री लवकर निवते, त्यामुळे तिथली पहाट ठाणे शहरापेक्षा कितीतरी गार असते. ठाण्याच्या डोंगरातल्या येऊरच्या पाड्यांवर अजून शेकोटी पेटत असते, तेव्हा खाली वर्तकनगरात कुल्फीवाला फिरू लागलेला असतो.

लोकपरंपरेने थंडीच्या निरोपाला दोन तारखा ठरवून दिल्या आहेत. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते, ही पहिली. आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही दुसरी. तिथी चांद्र असल्याने दोन्ही तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, आणि हवामान त्यांची वाट पाहत नाही. २०२५ ची महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. त्याच सुमारास सांताक्रूझला ३८.७ अंशांची नोंद झाली, सरासरीपेक्षा जवळजवळ ६ अंशांनी अधिक. मुंबई, ठाणे आणि रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरातल्या रांगांना त्या वर्षी थंडीला निरोप देण्याची गरजच उरली नव्हती. २०२६ मध्ये वसंत पंचमी २३ जानेवारीलाच येऊन गेली, म्हणजे ऐन हिवाळ्यात.

तारखांपेक्षा झाडांवर विसंबणे बरे. त्यासाठी सर्वांत सोयीची जागा येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे ठाण्याकडचे अंग. हे पानगळीचे जंगल आहे आणि इथली पानगळ थंडीने नव्हे तर कोरडेपणाने होते. पाऊस संपून चार महिने झाले की झाड पाणी राखण्यासाठी पाने टाकते. त्यामुळे थंड देशांत शरदात होणारी पानगळ इथे वसंताच्या तोंडावर येते, आणि झडणे, फुलणे, पालवणे या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात, एकाच वाटेवर दिसतात. साग उघडाबोडका झालेला असतो, तेव्हा त्याच्या शेजारी काटेसावरीची लाल, मांसल फुले टपटपत असतात. तिचा बहर जानेवारीच्या अखेरीसच सुरू झालेला असतो. मग पांगारा, मग पळस. या तिघांनाही फुलताना अंगावर पान जवळजवळ नसते. उघड्या फांद्यांवरचा रंग पक्ष्यांना लांबून दिसतो, आणि मधही भरपूर असतो. मार्चमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती लालभडक, इतकी की नवखा माणूस तिलाच फुले समजतो. करवंदीच्या जाळ्या याच सुमारास पांढऱ्या होतात. बहावा आणि ताम्हण यांना वसंताची फुले म्हणण्याची पद्धत आहे, पण ती एप्रिल-मेची, खऱ्या उकाड्याची झाडे.

शहरातल्या लावलेल्या झाडांचे वेळापत्रक निराळे. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या आसपास फुलणारा गुलाबी टॅबेबुया मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेचा. त्याचे फोटो दर फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतात आणि ठाण्याच्या वसंताची खूण म्हणून तोच डोक्यात बसतो. झाड देखणे आहे, यात वाद नाही. पण येऊरची सावर त्याच्या आधी येते आणि तिच्याकडे कोणी गाडी थांबवत नाही. खारघरच्या टेकड्यांवर तर याच दिवसांत वाळलेल्या गवताला वणवे लागतात. तिथे वसंताचा पहिला रंग काळा असतो.

सावर-पळसाच्या मधावर पळसमैनांचे थवे तुटून पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात. त्यांचे जाणे ही इथल्या हिवाळ्याच्या अखेरीची भरवशाची खूण. खाडीवरचे कुरव (सीगल) पक्षीही याच सुमारास उठतात. तांबटाची टुकटुक फेब्रुवारीपासून वाढते, कोकीळ त्याच्यामागून. रोहित पक्ष्यांचा मात्र या हिशेबाशी संबंध कमी. ठाणे खाडीतला सुमारे १६.९ चौ. किमी. भाग २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोली आणि नेरुळच्या पाणथळींवर त्यांची गर्दी उन्हाळाभर असते. पावसाच्या तोंडावर ते जातात, थंडी सरली म्हणून नव्हे.

रेंगाळलेल्या थंडीचा खरा हिशेब होतो तो वाशीच्या घाऊक फळबाजारात. हापूसला मोहोर यायला कोरडी हवा आणि थंड रात्री लागतात. तोवर थंडी हवीहवीशी. पण फळ वाटाणा-सुपारीएवढे झाल्यावर गारठा पुन्हा वाढला, तर झाडाला पुनर्मोहोर येतो. अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि लागलेली कैरी गळते. त्यावर जिबरेलिक आम्लाची (एका वनस्पती-संप्रेरकाची) फवारणी करतात, पण वेळ चुकली तर उपयोग नसतो. देवगड-रत्नागिरीची पहिली पेटी जानेवारी-फेब्रुवारीत वाशीला येते, तिची पूजा होते, बातमी होते. त्यानंतर खरी आवक मार्चमध्ये वाढणार की एप्रिल उजाडणार, हे त्या मधल्या पहाटांवर ठरते. ठाण्यात ज्या गुलाबी थंडीचे कौतुक चालते, तीच बागायतदाराला रात्री जागवते.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी गावांत सरत्या थंडीचे माप म्हणजे पोपटी. भाताच्या कापणीनंतर जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल पेरतात. दवावर तो पोसतो. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, जोडीला अंडी किंवा कोंबडी असे थर लावून मडके शेतात उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा पेटवतात. हल्ली नवी मुंबईच्या गावठाणांत शेते उरली नाहीत, तरी पेणच्या बाजूने शेंगा आणून सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत मडके लागतेच. फेब्रुवारीच्या अखेरीस शेंगा जून होतात, दाणा कडक पडतो आणि पोपट्या थांबतात. तेच वाल मग सुकवून, भिजवून, मोड आणून बिरड्यासाठी वर्षभर पुरवले जातात.